संस्थेची खोली आणि घरची ओसरी



या पानावर आम्ही एरवी लागणीचं, खोडव्याचं, पाण्याच्या पाळीचं आणि खताच्या मात्रेचं बोलतो. या वेळचा विषय वाचून काहीजण म्हणतील, की संपादक मंडळाला काम उरलं नाही वाटतं. तरीपण हे चार शब्द शेवटपर्यंत वाचावेत अशी विनंती आहे. विषय आहे संस्थेच्या कचेरीचा. सेवा सोसायटी असो, दूध संस्था असो, पाणीपुरवठा संस्था असो, आपली सगळी देवघेव जिथं ठरते ती खोली कशी असावी, आणि कमी पैशात ती बसण्याजोगी कशी करावी, याचा हा विचार आहे.

निमित्त घडलं ते असं. गेल्या उन्हाळ्यात कामानिमित्त आम्ही गडमुडशिंगीला गेलो होतो. तिथल्या एका संस्थेची बैठक चालू होती. "आलासाच हाईसा तर बसा की," असा आग्रह झाला म्हणून बसलो. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगण्याचं कारणही नाही, कारण अशी खोली आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावोगावी आहे. वर पत्रा, खाली फरशी, भिंतीला चॉकलेटी ऑइलपेंट. एका कोपऱ्यात युरियाची पोती, त्यावर औषधांचे खोके, त्यावर जुन्या दप्तराची बोचकी. मधोमध काच टाकलेलं भलं मोठं टेबल. टेबलापलीकडं चेअरमन साहेबांची फिरती खुर्ची, तिच्या पाठीवर टॉवेल. अलीकडं लोखंडी खुर्च्या, त्याही मोजक्याच. वर दोन पंखे, दोन्हींच्या पात्यांवर "यांचे स्मरणार्थ" असं रंगवलेलं. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही आणि बोललेलंही ऐकू येत नाही.

विषयपत्रिका वाचून झाली. आकडे वाचून झाले. "मंजूर, मंजूर" झालं. प्रोसिडिंग बुक सह्यांसाठी फिरलं आणि सभा संपली. बाहेर पायरीवर एक वयस्कर सभासद चपला शोधत होते. आम्ही सहज विचारलं, "मामा, व्याजाचं काय ठरलं?"

"काय की. घुमतंय नुसतं आत. ऐकाय आलं न्हाई बगा."

"मग सही?"

"केली न्हवं. सगळ्यांनी केली."

त्याच दारात एक संचालक ताई शेवटपर्यंत चौकटीला टेकून उभ्या होत्या. खुर्ची का घेतली नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "गड्यांच्या मधनं जाऊन कुटं बसायचं? सवय हाय आमास्नी हुबं ऱ्हायाची."

परतताना गाडीत आमचं तेच बोलणं चाललं होतं. ऐकू न आलेल्या ठरावावर सही होते आणि निवडून आलेली संचालक दारात उभी राहते. यात कुणाचा कावा आहे असं आम्हाला वाटलं नाही. चेअरमन भला माणूस, सेक्रेटरी कामसू. पण खोलीच अशी, की माणसानं लौकर उठून जावं. माणूस उठून गेला की प्रश्नही त्याच्याबरोबर उठून जातो.

पैशाचा मुद्दा आधी

आमचं हे बोलणं ऐकून एक जाणते सभासद म्हणाले, "संस्थेचा पैसा रंगरंगोटीत घालायचा का? आधी सभासदाला लाभांश द्या."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. काचेची केबिन, गार हवेचं यंत्र आणि सोफासेट यांची शिफारस आम्ही करणार नाही. सभासदाच्या घामाचा पैसा आहे. किंबहुना चकचकीत कचेरीत आपला शेतकरी जास्तच बुजतो. मातीचे पाय आत कसे न्यावेत या विचारानं तो दारातच थांबतो. आपल्याला हवी आहे ती ओसरी. घरच्या ओसरीवर बुजायला होत नाही, तसं संस्थेतही होता कामा नये. त्याला पैसा कमी आणि लक्ष जास्त लागतं.

याचा दाखला शोधायला लांब जायला नको. गडमुडशिंगीच्या शेजारी, आज जिथं गांधीनगरची कापडपेठ आहे, तिथं वळिवड्याच्या माळावर १९४३ साली कोल्हापूर संस्थानात पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पोलंडच्या पूर्व भागातून लाखो लोकांना उचलून सैबेरिया आणि कझाकिस्तानात नेऊन टाकलं होतं. त्यातून सुटलेली सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे इथं आली. राहायला मिळाल्या त्या एकासारख्या एक बराकी. सगळं सरकारी, सगळं तात्पुरतं. पण त्या बायकांनी बराकीसमोर फुलझाडं लावली, भाजीपाला लावला. माळावर शाळा झाल्या, प्रार्थनामंदिर झालं, दवाखाना झाला, नाटकासाठी रंगमंचसुद्धा झाला. १९४८ पर्यंत ती माणसं इथं राहिली. पुढं अनेक वर्षांनी त्यांच्यातली म्हातारी झालेली मुलं इंग्लंड-पोलंडहून कोल्हापूरला परत आली, ती आपलं लहानपणचं घर पाहायला म्हणून आली. बराकीला ती घर म्हणाली, हे ध्यानात घ्यावं.

त्याच बराकीत नंतर फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी संसार मांडला आणि दुकानं थाटली. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला तिथंच जातो. ज्यांच्याजवळ काही नव्हतं त्यांनी पत्र्या-तट्ट्यांच्या जागेत घरपण आणलं. आपल्याजवळ तर गाव आहे.

आवाज का घुमतो?

पहिली दुरुस्ती आवाजाची. कारण सभेचं खरं काम ऐकणं हे आहे.

फरशी, सिमेंटची भिंत, ऑइलपेंट, पत्रा आणि काच या सगळ्या टणक वस्तू. आवाज त्यांच्यावर आपटून माघारी येतो. पहिला शब्द विरायच्या आत दुसरा येऊन त्यावर पडतो. त्यालाच आपण घुमणं म्हणतो. याउलट कापूस, लोकर, गोणपाट, माणसाचं अंग हे आवाज पिऊन टाकतात. म्हणून भरल्या घरात बोलणं स्पष्ट येतं आणि रिकाम्या गोदामात घुमतं.

ही गोष्ट शास्त्रानं कशी सिद्ध झाली, ती हकीकत गमतीची आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ च्या सुमारास एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं. त्यात प्राध्यापकांचं बोलणं कुणाला कळेना. एकदा काढलेला आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण शिक्षकावर ते काम सोपवलं गेलं. त्यानं काय करावं? शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, घड्याळ लावून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचं आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. जितक्या गाद्या वाढल्या तितकं घुमणं कमी झालं. त्या गाद्यांच्या हिशेबातून सभागृहाच्या आवाजाचं सगळं शास्त्र उभं राहिलं.

आपल्याकडं त्या गाद्यांच्या जागी वाकळ आहे. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक घालून टाके मारलेली वाकळ आवाज पिण्याच्या कामी उत्तम. बाकड्यावर वाकळेची चौघडी घातली की बसायलाही ऊब. गावातल्या बचत गटाला काम द्या. जुनी लुगडी सभासदांच्या घरातून मिळतील, मजुरी तेवढी द्यायची. खाली अंथरायला घोंगडी नाहीतर जाड जान घ्यावी. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत दरसाल घोंगड्यांचा बाजार भरतो, तिथं पारखून घेता येते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी खरखरीत असते पण वर्षानुवर्षं टिकते. तिला कसर लागू नये म्हणून महिन्या-दीड महिन्यानं कडक ऊन दाखवावं आणि घडी घालताना मध्ये कडुनिंबाचा वाळला पाला ठेवावा.

खिडकीला पडदा हवा. गांधीनगरला ठोक दुकानात पीस शिल्लक राहतात. जाडसर सुती पीस पाहून घ्यावा, झुळझुळीत नायलॉन घेऊ नये. तो आवाजही पीत नाही आणि आगीलाही वाईट. पडदा खिडकीच्या दीडपट-दुप्पट रुंद घेतला म्हणजे चुण्या पडतात, आणि चुण्यांतच आवाज मुरतो. नोटीस लावायच्या फळ्यालाही गोणपाटाचा एक पदर ताणून मारा. टाचणी रुतते आणि भिंतीचा टणकपणा तेवढा कमी होतो.

जाता जाता ऊस उत्पादकांना आवडेल अशी एक गोष्ट. १९२० नंतरच्या काळात अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतात उसाच्या चिपाडापासून, म्हणजे आपल्या बगॅसपासून, मऊ फळ्या बनवण्याचा मोठा कारखाना चालू झाला. सेलोटेक्स हे त्या मालाचं नाव. उष्णता अडवायला आणि आवाज दाबायला त्या फळ्या घरांत आणि सभागृहांत वापरल्या गेल्या. आपण जे बॉयलरला घालतो, त्यात आवाज पिण्याचाही गुण आहे. आज बगॅसचं मोल वीजनिर्मितीत आहे हे खरं, पण आपल्या पिकाची ही करामत सभासदांना ठाऊक असावी.

उजेड आणि वारा

दुसरी गोष्ट उजेडाची. निळसर पांढऱ्या उजेडात माणसाचा चेहरा दवाखान्यातल्यासारखा दिसतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० किंवा ३००० असेल तर उजेड पिवळसर, संध्याकाळच्या दिव्यासारखा. ६५०० असेल तर निळसर पांढरा. बसायच्या जागेवर पिवळसर दिवे लावावेत. सेक्रेटरींच्या लिहायच्या टेबलावर मात्र स्वच्छ पांढरा दिवा हवा, आकड्यांचं काम आहे. एकच झगझगीत दिवा मधोमध टांगण्यापेक्षा दोन-तीन लहान दिवे भिंतीशी लावले तर कुणाच्या डोळ्यावर उजेड येत नाही.

यात खर्च वाढतो असं वाटेल, तर हिशेब मांडून पाहू. जुनी ट्यूब चोकसकट सुमारे ५० वॅट घेते, तिच्या जागी एलईडी नळी २० वॅटची. वाचले ३० वॅट. दिवसाला ८ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका नळीमागं ७२ युनिट वाचतात. पंख्याचंही तसंच. जुना पंखा ७५ वॅटचा, नव्या बीएलडीसी जातीचा ३० वॅटच्या आसपास. वर्षातले २०० दिवस, रोज ८ तास धरले तरी एका पंख्यामागं ७२ युनिट वाचतात. आपल्या संस्थेचं वीजबिल काढा, युनिटचा दर बघा, आणि दिव्याचा खर्च किती महिन्यांत वसूल होतो ते सेक्रेटरींना काढायला सांगा. शिवाय नवा पंखा आवाज कमी करतो, त्यामुळं पुन्हा ऐकू येण्याचाच फायदा. जुना पंखा बदलला म्हणून देणगीदाराचं नाव जाऊ देऊ नये. ते भिंतीवरच्या एका फळ्यावर सुवाच्य लिहावं. फिरत्या पात्यापेक्षा तिथं ते जास्त वाचलं जाईल.

भिंत आणि पत्रा

पत्र्याखाली चैत्र-वैशाखात बसणं म्हणजे चुलवाणावर बसणं. त्याला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात. पांढरा रंग ऊन परतवतो, पत्रा कमी तापतो, खोली काही अंशांनी निवते. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दर फाल्गुनात हा हात द्यावा लागेल. स्लॅबलाही हाच उपाय चालतो. पत्र्यावर चढताना खालच्या कैच्या धरूनच पाय टाकावा. घाईनं चढून पाय मोडून घेऊ नये.

भिंतीला चुना देण्याची रीत जुन्या माणसांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो. १ किलो चुनकळीला साधारण ५ लिटर पाणी. चुनकळी पाण्यात टाकली की उकळी फुटते, म्हणून लोखंडी पिंपात करावं, तोंड लांब ठेवावं, पोरांना जवळ येऊ देऊ नये. डोळ्यात थेंब गेला तर डोळा जायचा धोका. रात्रभर मुरू द्यावं, दुसऱ्या दिवशी फडक्यानं गाळावं. अंगाला लागू नये म्हणून त्यात भिजवलेला डिंक नाहीतर सरस घालावा. भिंत आधी घासून ओली करावी आणि पातळ असे तीन हात द्यावेत. जाड एकच हात दिला तर पोपडे निघतात. त्यात चिमूटभर पिवडी घातली की ताकासारखा सौम्य पिवळट रंग येतो. खाली दीड-दोन हात उंचीचा कावेचा तांबडा पट्टा मारला की पाठीचे आणि हातांचे डाग दिसत नाहीत. आपल्या जुन्या घरांत तो पट्टा असायचा, त्याचं कारण हेच.

मात्र ऑइलपेंटच्या भिंतीवर चुना धरत नाही. ती आधी खरवडून काढावी लागते. तेवढी सवड नसेल तर फिकट रंगाचा डिस्टेंपर हा दुसरा मार्ग.

बसणं-उठणं

आता ज्याला एक पैसाही लागत नाही ते सांगतो. टेबल भिंतीला लावा.

मधलं मोठं टेबल ही खोलीतली सगळ्यात महागडी भिंत आहे. तिच्या एका बाजूला साहेब आणि दुसऱ्या बाजूला अर्जदार, अशी वाटणी होऊन बसते. टेबल कडेला गेलं की मधली जागा मोकळी होते. बाकडी, खुर्च्या, जान अशी गोल मांडणी करा. चेअरमन त्या गोलातच बसतील. त्यांच्या मानाला काही कमी होत नाही. पंगतीत यजमान वाढायला उठला म्हणून लहान होत नाही, तसंच हे. गोल बसलं की दुसऱ्याचं तोंड दिसतं, आणि कानानं थोडं कमी ऐकू येणाऱ्याला ओठांवरून कळतं.

मोडक्या खुर्च्या भंगारात घालायची घाई नको. सागवानी सांगाडा असेल तर बैठकीला वेत किंवा नायलॉनची पट्टी विणून घ्या. गावचा सुतार एका दिवसात पाय घट्ट करून देतो.

खताची पोती आणि औषधांचे खोके मात्र त्याच दिवशी बाहेर काढा. बसायच्या खोलीत कीटकनाशकं ठेवणं प्रकृतीला घातक आहे. त्यांना वेगळी, हवेशीर, कुलपाची जागाच हवी. दप्तराच्या बोचक्यांचंही तसंच. महत्त्वाचं दप्तर कपाटात आणि कपाट उंच चौथऱ्यावर. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पंचगंगाकाठच्या गावांना कागद उंचावर ठेवायला चांगलंच शिकवलं आहे.

आयाबहिणींसाठी

राज्याच्या सहकार कायद्यानं संस्थेच्या समितीत स्त्रियांसाठी २ जागा राखून ठेवल्या आहेत. जागा कागदावर आहे, पण खोलीत आहे का? दारात उभ्या राहिलेल्या त्या ताईंची गोष्ट वर सांगितली. गोलात त्यांची जागा दाराशी नको, मध्ये हवी, आणि ती त्यांना मागावी लागू नये.

दुसरं रोखठोक सांगतो. पडद्याच्या आणि रंगाच्या आधी स्वच्छतागृहाचं दार बघा. कडी लागते का? पाणी आहे का? दिवा आहे का? ज्या कचेरीत ही सोय नाही तिथं बाई दोन तासांच्या सभेला बसणार नाही, आणि त्याचं कारणही कुणाला सांगणार नाही. पैसे थोडेच असतील तर ते पहिल्यांदा इथं घाला.

मग पाणी. एक माठ, त्यावर झाकण, ओगराळं आणि घासलेले चार पेले. बाहेर चपला ठेवायला फळी. वयस्कर माणसाला पायरी चढताना धरायला एक लोखंडी नळी. या सगळ्याला मिळून एका फिरत्या खुर्चीइतकाही खर्च येणार नाही.

भिंतीवर काय असावं

शाहू महाराज, महात्मा फुले, बाबासाहेब आंबेडकर यांच्या तसबिरी आपल्या सगळ्या कचेऱ्यांत आहेत. त्यांवरचे उडालेल्या रंगाचे प्लॅस्टिकचे हार काढून टाका, काच पुसा, तसबीर डोळ्यांच्या उंचीला आणा. त्याशेजारी संस्थेच्या पहिल्या सभासदांची यादी लावा. जुन्या घरांत गुऱ्हाळाचे, मोटेचे, पहिल्या ऊसगाडीचे फोटो ट्रंकेत पडून आहेत. त्यांची प्रत काढून साध्या चौकटीत लावली तर आलेल्या माणसाला आपला आजा भिंतीवर दिसेल. ज्याचा आजा भिंतीवर आहे तो दारात थांबत नाही.

गडमुडशिंगीकरांना रोज दिसणारं एक उदाहरण आहे. शेजारच्या विमानतळाची नवी इमारत मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. कोट्यवधींचं ते काम, पण त्यांनासुद्धा आपल्या वाड्यांसारख्या कमानी आणि काळा दगड यांची आठवण ठेवावीशी वाटली. आपल्या गावात तर हे सगळं आयतंच आहे.

खोलीत चार झाडं हवीत. तेलाचे जुने डबे, तळाला भोकं, बाहेरून कावेचा हात. मनी प्लांट आणि सर्पपर्णी सावलीत तग धरतात, कोरफड खिडकीत आणि तुळस पायरीशी. माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं प्रेसमडचं खत समभाग घालावं. कच्चं प्रेसमड घालू नये, ते कुजताना तापतं आणि मुळ्या जळतात. पाणी कुणी घालायचं ते नाव ठरवून द्या. "सगळ्यांनी घाला" म्हटलं की झाड आठवड्यात वाळतं, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

हिशेब चोख

काम लहान असलं तरी रीत सोडू नये. खर्चाला मासिक बैठकीत मंजुरी घ्यावी. नवी वस्तू आली की डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करावी. मोडकी वस्तू काढायची तर निर्लेखनाचा ठराव करावा, परस्पर विकू नये. देणगी म्हणून आलेल्या वाकळेचीसुद्धा नोंद आणि पोच असावी. जुनं दप्तर भंगारवाल्याला घालण्याआधी लेखापरीक्षकांना विचारावं. खोली नीट करण्याच्या नादात लेखापरीक्षणात दोष निघाला तर सगळीच शोभा जायची.

आणि मग काय झालं

आम्ही हे सगळं त्या संस्थेच्या मंडळींपुढं मांडलं. चेअरमन हसले. "एवढंच न्हवं? बगू की," म्हणाले. आम्हाला वाटलं, विषय संपला. पण बेंदूर झाल्यावर पावसाच्या उघडिपीत गावच्या पोरांनी दोन दिवस श्रमदान केलं. पोती हलली, टेबल भिंतीला गेलं, बचत गटानं वाकळा शिवल्या, स्वच्छतागृहाला कडी आली. पत्र्याचा चुना राहिला आहे, तो फाल्गुनात होईल. पडदे मात्र चुकले. कुणीतरी स्वस्तात मिळाले म्हणून झुळझुळीतच आणले आणि ते वाऱ्यानं सारखे सेक्रेटरींच्या तोंडावर येतात.

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, वार्षिक सभा घ्यावी लागते. तिच्या तयारीच्या बैठकीला आम्ही पुन्हा गेलो. तेच मामा बाकड्यावर वाकळेवर मांडी घालून बसले होते. ताई गोलात होत्या. आकडे वाचून झाले आणि "मंजूर" म्हणायच्या आत मामांनी हात वर केला.

"सेक्रेटरी, त्यो व्याजाचा आकडा परत वाचा जरा."

वाचला. त्यावर ताईंनी विचारलं, की सवलतीची रक्कम सभासदाच्या खात्याला कधी जमा होणार? त्याचं उत्तर सेक्रेटरींजवळ तयार नव्हतं. बँकेकडून लेखी माहिती घेऊन पुढच्या बैठकीत ठेवायचं ठरलं, आणि तसं प्रोसिडिंगला लिहिलंही गेलं. मग मामांनी सही केली. पहिल्या खेपेला अर्ध्या तासात उरकलेली बैठक या खेपेला दोन तास चालली. बाहेर पडताना चेअरमन साहेब आम्हाला म्हणाले, "खोली बरी केली आनि आमचंच काम वाडलं की ओ."

वाढलं खरं. पण तेच काम सभासदांनी त्यांना निवडून देऊन सांगितलं होतं.

आपल्या गावच्या संस्थेतही असं काही झालं असेल, किंवा करायचं मनात असेल, तर दोन ओळी लिहून गट कचेरीत द्याव्यात. कमी खर्चाची एखादी युक्ती कळली तर जागा असेल तशी पुढच्या अंकात छापू. आणि पुढच्या बैठकीला जाल तेव्हा एक करून पाहा. सगळ्यात मागच्या बाकावर बसा आणि आकडे ऐकू येतात का ते बघा. येत नसतील, तर सहीआधी हात वर करा.